शोरूममध्ये सांधे बघ

दादर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. भांडुपच्या फ्लॅटची चावी हातात आली, हे फार छान झालं. आता घर कसं लावायचं हे ठरवायला तू आणि वहिनी शोरूम फिरणार, आणि ‘जाऊन नेमकं बघायचं काय?’ असं विचारतोयस. माझं म्हणणं थोडक्यात असं, की वस्तू कमी बघ, सांधे जास्त बघ. टाइल संपून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, सुरू होते ती जागा, शटरची म्हणजे कपाटाच्या दाराची कड, ओट्याचा दगड भिंतीला टेकतो तो कोपरा. मधोमध मांडलेला सोफा काय, सगळ्याच शोरूममध्ये छान दिसतो. मुंबईतलं घर बिघडतं ते कडेकडेनं, कारण पावसाळ्याचे चार महिने दमट हवा शिरते ती तिथूनच.

निघण्याआधी एक संध्याकाळ रिकाम्या फ्लॅटमध्ये घालव. पाच मीटरची टेप, वही आणि मास्किंग टेपचं एक रीळ ने. बिल्डरच्या नकाशातली मापं बाजूला ठेव. प्रत्येक भिंत दोनदा मोज, एकदा जमिनीलगत आणि एकदा कमरेच्या उंचीवर. प्लास्टर ओळंब्यात नसेल तर अर्धा इंच फरक सहज निघतो, आणि भिंत ते भिंत कपाट करताना तोच अर्धा इंच नडतो. बीमच्या खालची उंची, खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती, स्विचबोर्ड आणि एसीचा पॉइंट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे सगळं लिहून घे. शोरूमचं छत बारा-चौदा फुटांवर असतं, बीम दिसत नाही, खिडकी नसतेच. साडेनऊ फुटांच्या छताखाली तेच उंच कपाट अंगावर येतं.

तुझी बेडरूम १० बाय १२ ची आहे ना? मग हे गणित कर. पलंगाची गादी ७२ बाय ७८ इंच. डोक्याकडचा बोर्ड तीन इंच धरला तर लांबी झाली ८१. कपाट २४ इंच खोल, कारण हँगरला आत २१-२२ इंच लागतातच. पलंग आणि कपाट दहा फुटांच्या दिशेनं समोरासमोर मांडलेस, तर १२० मधून १०५ गेले, उरले १५ इंच. तेवढ्यात दीड फुटाचं शटर उघडत नाही. सरकती दारं लावलीस तरी ट्रॅकमुळे कपाट आणखी दोन इंच पुढे येतं, आणि खालचा ड्रॉवर ओढला की पलंगाला थडकतो. तीच मांडणी बारा फुटांच्या दिशेनं केलीस तर ३९ इंच उरतात. १८ इंचांचं शटर पूर्ण उघडून माणूस समोर उभा राहू शकतो. शोरूममध्ये पलंगाच्या चारही बाजू मोकळ्या असतात, त्यामुळे हा हिशेब तिथे सुचतच नाही.

हॉलमध्ये मास्किंग टेपनं जमिनीवर सोफा आखून बघ. तिघांचा सोफा साधारण ८४ बाय ३६ इंच. सोफा आणि टीपॉय यांत १६ ते १८ इंच, आणि जायच्या-यायच्या वाटेला निदान ३० इंच. टेपच्या चौकोनांमधून दोघं दोनदा फिरा. कुठे अडखळायला होतं ते लगेच कळेल.

आता शोरूम. आत शिरल्यावर पहिल्यांदा वर बघ, दिवे कुठले आहेत ते. बहुतेक ठिकाणी ३००० केल्विनचे पिवळसर स्पॉट असतात, एकेका वस्तूवर रोखलेले. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा.) त्या उजेडात अक्रोडी लॅमिनेट, म्हणजे प्लायवर चिकटवायचा छापील पत्रा, मधासारखं दिसतं. घरी ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तेच राखाडी पडतं. याहून वाईट म्हणजे एका उजेडात तंतोतंत जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या उजेडात फटकून निघतात. व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि लॅमिनेट एकाच भिंतीवर लावणार असाल तर हे हमखास होतं. म्हणून नमुन्याची पट्टी काउंटरवर बघून ‘हो’ म्हणू नकोस. ती दारापाशी दिवसाच्या उजेडात ने आणि शेजारी साधा पांढरा कागद धर. कागदाच्या तुलनेत रंगातली पिवळी किंवा लाल झाक लगेच उठून दिसते. मोबाइलच्या फोटोवर रंग ठरवू नकोस, कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मनानं दुरुस्त करतो. फोटो काढायचा तो आकाराचा, सांध्याचा आणि नमुन्यामागच्या नंबराचा.

तुझा हॉल १० बाय १६, म्हणजे जवळजवळ १५ चौरस मीटर. रोजच्या वापराला एकूण तीन हजार ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप) आसपास उजेड पुरे. एलईडीचे साधारण ३० वॉट झाले. तो एकाच जागी न लावता तीन-चार जागी वाट, ३००० ते ४००० केल्विनमध्ये ठेव, आणि दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० मिळाला तर बघ. ८० च्या खाली जाऊ नकोस, भाजीचा आणि माणसांच्या चेहऱ्याचा रंग मेलेला दिसतो. फॉल्स सीलिंगचा मोह होईल. साडेनऊ फुटांतून सहा इंच देण्याआधी पंखा किती खाली येतो ते मोज.

भिंतीच्या रंगाचं फार डोक्यात घेऊ नकोस. आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी घे, कारण मोठ्या भिंतीवर रंग गडद वाटतो. प्लायच्या दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यावर दोन हात मारून तो तुकडा खोलीभर फिरव, सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री. भिंतीला ओल असेल तर मात्र कितीही भारी रंग घे, पापुद्रे निघणारच. आधी ओल.

शटरपाशी थांब, इथे घाई नको. शटर उघड आणि खालच्या कडेवरून नख फिरव. पुढची कड सगळेच नीट करतात, खालची आणि बिजागरीकडची बरेचदा उघडी सोडतात. कडेला लावलेली पीव्हीसी पट्टी शटरला २ मिमी असावी, आतल्या खोक्याला, म्हणजे कपाटाच्या सांगाड्याला, ०.८ चालते. पट्टी आणि लॅमिनेट यांच्यामध्ये गोंदाची काळी रेघ दिसली किंवा नख अडकलं, तर ती कड पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात सुटेल. मग सिंकखालच्या कपाटात वाकून बघ. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, असेल तर तिथूनच माघारी फिर. एमडीएफला उघड्या कडेनं पाणी लागलं की ते फुगतं, आणि वाळलं तरी मूळ जाडीवर येत नाही.

प्लायमध्ये भारतीय मानकांचे (आयएस) दोन नंबर लक्षात ठेव. आयएस ३०३ मध्ये येणारा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय दमट हवा सोसतो, पाणी नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या गोंदाचा. स्वयंपाकघर आणि बाथरूमलगतच्या भिंतीला ७१०, बाकी खोक्यांना ३०३ चालेल, पाठीला ६ मिमी आणि बाजूंना १८. आठ बाय चारच्या शीटवर आयएसआयचा शिक्का, आयएस नंबर आणि सीएम/एल नं सुरू होणारा लायसन्स नंबर छापलेला असतो. माल साइटवर उतरला की मिस्त्रीनं करवत लावण्याआधी त्याचा फोटो काढ. लॅमिनेट चढल्यावर आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शटरला बाहेरून १ मिमी लॅमिनेट असेल तर आतूनही ०.८ च्या आसपासचं हवंच. पैसे वाचवायला आत नुसता रंग मारला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहत नाही आणि शटरला वाक येतो. शोरूममधला नमुना दोन फुटांचा असतो, त्यात वाक दिसत नाही. तुझं शटर सात फुटांचं असणार. त्याला चार बिजागऱ्या घ्यायला सांग आणि रुंदी १८ ते २० इंचांच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

स्वयंपाकघर बघताना वहिनींना चपला काढून ओट्यापाशी उभं राहायला सांग. ओटा कोपराच्या साधारण सहा इंच खाली असावा. पाच फूट दोन इंच उंचीला तो ३३ इंचांवर येतो. शोरूममध्ये तो बरेचदा ३४ ते ३६ असतो, दिसायला ऐटबाज, पण पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. घरचा मोठा कुकर, पोळपाट आणि तेलाचा पाच लिटरचा डबा मोजून न्या आणि तिथल्या ट्रॉलीत, म्हणजे ओट्याखालच्या सरकत्या खणात, ती मापं घालून बघा. काट्या-चमच्यांचा सुरेख ट्रे सगळे दाखवतात, पातेल्यांचा खण दाखवा म्हटलं की विक्रेता जरा गप्प होतो. आणि माळा! गणपतीचं मखर, दोन सुटकेसा आणि जास्तीच्या गाद्या कुठल्या शोरूममध्ये ठेवलेल्या असतात? सात फुटांच्या वर दोन फूट खोल माळा आपल्याकडे लागतोच. तो कपाटाबरोबरच आखून घे, नंतर जोडलेला माळा ठिगळासारखा दिसतो.

ट्रॉलीचं स्टील ३०४ ग्रेडचं घे. खारी हवा क्लोराइड घेऊन येते आणि हलक्या स्टीलवर तांबूस ठिपके धरतात. विक्रेता लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणेल. त्यावर जाऊ नकोस, स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घे.

बाथरूमला चार बाय दोनच्या मोठ्या टाइल भिंतीवर खुशाल लाव. जमिनीवर नको. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, फुटाला सव्वा-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतार लागतो, आणि मोठी टाइल चारही बाजूंनी वाकत नाही. मग मिस्त्री ती तिरकी कापतो, नाहीतर उतारच कमी ठेवतो आणि पाणी कोपऱ्यात साचतं. एक बाय एकची खरखरीत टाइल घे, शोरूममध्ये तिच्यावर पाणी ओतून ओल्या तळव्यानं घासून बघ. सगळा माल एकदम घे, दहा टक्के जास्तीचा, आणि प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते उतरवताना बघ. सहा महिन्यांनी आणलेल्या चार टाइल कधीच जुळत नाहीत.

पडद्यांचा हिशेबही देतो, शिंपी विचारतोच. खिडकी सहा फूट, रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच पुढे, म्हणजे ८४ इंच. चुण्यांसाठी दुप्पट, १६८. कापडाचा पन्हा (रुंदी) ४८ इंच असेल तर साडेतीन, म्हणजे चार पाट (उभे तुकडे). रॉडपासून जमिनीपर्यंत आठ फूट आणि दुमडीला दहा इंच धरून एक पाट २.७ मीटर, एकूण ११ मीटर. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढ.

कोटेशन घेताना ‘चौरस फुटाला अमुक’ एवढ्यावर मान हलवू नकोस. तो फूट समोरच्या दर्शनी भागाचा की आतल्या फळ्यांसकट, बिजागऱ्या, चॅनल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या), हँडल, स्कर्टिंग धरलेत का, जीएसटी आत की बाहेर, माल वर चढवायची मजुरी कुणाची, हे एकेक करून लिहून घे. मॉड्युलर किचनचं अंतिम माप टाइल लागल्यावरच घ्यायला लाव. टाइल आणि तिच्यामागचा माल दोन्ही भिंतींचा मिळून दीड-दोन इंच खातो. कोऱ्या प्लास्टरवर माप घेऊन बनवून आणलेलं खोकं मग आत बसत नाही.

कुठे जायचं? पहिला दिवस तुर्भ्याच्या आयकियाला दे. ठाण्याला गाडी बदललीस की ट्रान्स-हार्बरनं थेट तुर्भे. तिथे घ्यायचं काही नसलं तरी छोट्या खोल्यांची मांडणी मापांसकट बघायला मिळते. लोअर परळच्या रघुवंशी मिलमध्ये किमती ऐकून घाम फुटेल, पण उत्तम सांधे कसे असतात ते बघायला जा, बघायला पैसे पडत नाहीत. दिव्यांसाठी लोहार चाळ, पडद्यांसाठी मंगलदास मार्केट. ही दोन्ही क्रॉफर्ड मार्केटजवळ, एका फेरीत होतात, फक्त रविवारी जाऊ नका. जुनं सागवानी फर्निचर हवं असेल तर ओशिवरा. कुंड्या धारावीच्या कुंभारवाड्यातून आण.

एक राहिलंच. लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली खोली आणि उंची मोज, आणि जिन्याच्या वळणावरची जागाही. आठ माणसांच्या लिफ्टचं दार साधारण ८० सेंटिमीटर असतं. सात फुटांचा अखंड सोफा त्यातून जात नाही, आणि जिन्यानं नेताना वळणावर कठड्यात अडकतो. पाय निघणारा, दोन तुकड्यांत सुटणारा सोफा माग.

मापं घेतलीस की वहीच्या पानांचे फोटो पाठव. बेडरूमचं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते त्यावरून नक्की करू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय