तुम्ही आणखी फोटो मागितलेत म्हणून

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आमच्या रेशमाच्या शेडमधली माशी तुम्ही फोटोंवरून ओळखून दिलीत. त्याचे फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही "अहो वहिनी, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे उघड पत्र लिहितेय. आमच्या भागात नव्याने तुती लावलेल्यांच्याही ते वाचनात यावं.

रेशमाचं आमचं हे दुसरंच वर्ष. हुपरीजवळ एक एकर तुती आणि शेडमध्ये १०० अंडीपुंजांची (रेशीम किड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यांची) बॅच. किडे पाचव्या, म्हणजे कोष करण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत आले आणि काहींच्या अंगावर काळे ठिपके दिसू लागले. कुणी म्हणालं रोग आहे, कुणी म्हणालं मुंगी चावली असेल. दोन दिवसांनी सकाळी पाला घालायला गेले, तर रॅकखाली पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांचे तांबूस-तपकिरी दाणे झाले, भिजवलेल्या मटकीहून थोडे मोठे. मी तीन दाणे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले आणि तोंडाला फडकं बांधलं. अकराव्या दिवशी आत माशी!

उझी माशीचं नाव प्रशिक्षणात कानावर पडलं होतं. ती रेशीम किड्याच्या अंगावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या किड्याला आतून खातात. पण शेजारी ठामपणे म्हणाले, "ही घरातलीच माशी हाय, विष्ठेवर येत्या." दुकानदाराने तर फवारणीची बाटली हातात ठेवली. ते औषध शेडमध्ये मारलं असतं तर माशीच्या आधी माझे किडे मेले असते.

मी तुम्हाला सात फोटो पाठवले, सगळे वरून काढलेले. पाठीवर चार काळ्या रेघा स्पष्ट होत्या, तेवढ्यावर तुम्ही नाव सांगून टाकाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "चार रेघा घरमाशीच्या पाठीवरही असतात. मला बाजूने, समोरून आणि मागून फोटो हवेत." बरणी पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची युक्तीही तुम्हीच सांगितलीत, त्याने माशी सुस्तावते. धाकटे दीर चांदीचं काम करतात. त्यांचं भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरलं आणि ती माशी मी पहिल्यांदा खरी पाहिली. पोटाच्या टोकाला ताठ, जाड केस. घरमाशीच्या मिशीवरचा केस पिसासारखा असतो, हिचा मात्र अगदी साधा, उघडा. आणि छातीच्या मागच्या टोकाला जो ढालीसारखा तुकडा असतो, त्याच्याखाली उशीसारखा फुगवटा. तो फुगवटा बघून तुम्ही फोनवर "हां!" म्हणालात, ते अजून कानात आहे. मांसमाशीही नाही, हे तुम्ही त्याच दमात सांगितलंत. तिच्या पाठीवर तीन रेघा आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात.

सर, त्यानंतर तुम्ही जे म्हणालात ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. "फोटोवरून मी टॅकिनिडी हे कूळ खात्रीने सांगतो. त्या कुळात जगभर ८,५०० हून अधिक जाती आहेत. पण ही रेशीम किड्यातून बाहेर पडली आहे, म्हणून एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, तुमची उझी." म्हणजे माझ्या त्या लोणच्याच्या बरणीचीही साक्ष तुम्ही धरलीत. १९८० साली ही माशी बंगालमधून कोषांबरोबर कर्नाटकात कशी पोचली, तेही तेव्हाच कळलं.

मी रागाने म्हटलं, या कुळाचा नायनाटच व्हायला हवा. तुम्ही शांतपणे सांगितलंत की स्टर्मिऑप्सिस ही याच कुळातली माशी उसातल्या खोडकिडीची अळी आतून खाऊन संपवते. समोर आमचाच ऊस उभा होता. त्यावर काय बोलणार?

नाव कळल्यावर काम सोपं झालं. खिडक्यांना नायलॉनची जाळी, दाराला दुसरं दार, जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, रोज सकाळी अळ्या आणि दाणे वेचून साबणाच्या पाण्यात. सासूबाई आता माझ्याआधी वेचायला बसतात. त्या बॅचमधले बरेच कोष भोकाचे निघाले, ते नुकसान झालंच. पण पुढच्या बॅचला ठिपक्यांचे किडे बोटांवर मोजण्याइतके.

तुम्ही सांगितलेले नेसोलिंक्स थायमस, म्हणजे उझीच्या दाण्यात अंडी घालून तिला संपवणारे बारीक कीटक, तेही आणून सोडले. काल शेडच्या कोपऱ्यात एक जुना दाणा सापडला, त्याला टाचणीने पाडावं तसं भोक होतं आणि भोवती चिलटाहून बारीक काळे जीव फिरत होते. तेच असावेत असं वाटतं. भिंग लावून फोटो पाठवले आहेत, या वेळी वरून, बाजूने आणि मागूनही. सवडीने बघा.

आपली,
हुपरीजवळची रेशीमवाली वहिनी