तपासणी फौंड्रीच्या गेटवर येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या टीबी तपासणीबद्दल हे पत्र लिहीत आहे. मी फौंड्रीतूनच निवृत्त झालो, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

आमच्या धंद्यात खोकला हा कामाचाच भाग धरतात. नॉकआऊटला वाळूचे साचे फोडणारा, फेटलिंगला ग्राइंडर धरणारा माणूस खोकणारच, असं मालकापासून मुकादमापर्यंत सगळे म्हणतात. तो स्वतःही तेच म्हणतो. वाळूतली सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे ज्याचा खोकला सगळ्यात आधी तपासायला हवा, त्याच्याकडेच कुणी बघत नाही. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं, अशी लक्षणं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली असतात. दिवसभर फर्नेसपुढं उभं राहणाऱ्याला यातलं अंगातलं काय आणि भट्टीचं काय, हे कळायचं कसं?

सरकारी सोय वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. थुंकीची तपासणी मोफत आहे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, हे काही तासांत समजतं. गोळ्या वजनानुसार, रोज, साधारण सहा महिने, एक पैसा न घेता मिळतात. पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. एवढं सगळं असून गाडी अडते ती ओपीडीच्या वेळेवर. थुंकीचा एक नमुना तिथंच द्यायचा, दुसरा पहाटेचा डबीत आणून द्यायचा. ठेकेदाराकडच्या माणसाला हे दोन खाडे झाले. तिसऱ्या शिफ्टवाला झोपून उठेपर्यंत सकाळची ओपीडी संपलेली असते. मग तो मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणि जमलं तर एखादं अँटिबायोटिक घेतो. त्यातली काही अँटिबायोटिकं टीबीच्या जंतूवरही थोडीफार चालतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं.

औषध सुरू झालं तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. आमच्या गल्लीत भाड्यानं राहणारा ओडिशाचा एक पोरगा गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल होते म्हणून घाबरला आणि त्यानं कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. रिफाम्पिसिननं लघवीचा रंग बदलतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं. अखेर आशाताईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, तेव्हा त्यानं पाकीट परत उघडलं. तेवढ्यात खोलीतल्या बाकीच्यांनी त्याचं ताट-तांब्या वेगळा केला होता! टीबी हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही. योग्य औषध चालू राहिलं तर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूपच कमी होते. वेगळं ताट मांडण्यापेक्षा त्या खोलीतल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी होती.

दुसरं म्हणजे ही पोरं सणासुदीला गावी जातात आणि औषध अर्धवट राहतं. खरं तर नाव निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर असतं, त्यावरून गावाकडच्या केंद्रात गोळ्या चालू ठेवता येतात. पण निघण्याआधी इथल्या केंद्राला सांगावं लागतं. आणि कामावरून काढतील या भीतीनं जो आजारच लपवतो, तो जाताना सांगणार कुणाला?

डिसेंबर २०२४ च्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेपासून हातात धरून नेता येतील अशा एक्स-रे यंत्रांची चर्चा आहे. तसलं एखादं यंत्र शिफ्ट बदलताना फौंड्रीच्या गेटवर आणावं. डब्या तिथंच वाटाव्यात आणि पहाटेचे नमुने दुसऱ्या दिवशी कामावर येताना गेटवरच गोळा करावेत, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही. सिलिकोसिस हा कायद्याप्रमाणे सरकारला कळवायचा आजार आहे, तेव्हा छातीच्या तपासणीतून मालकांनाही अंग काढून घेता येणार नाही. स्मॅक आणि गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. निक्षय मित्र, म्हणजे टीबी रुग्णांना मदत करणारे दाते होऊन पोषणाचं किट देतानाचे फोटो छापून येतात, ते येऊ देत. पण टीबी निघालेल्या माणसाची नोकरी जाणार नाही, एवढं लेखी पत्रक या संघटनांनी गेटवर लावलं तर तपासणीला माणसं आपण होऊन पुढं येतील.

जिल्हा क्षयरोग केंद्रानं निदान एका गेटवर सुरुवात करून बघावी. टेबल, खुर्च्या आणि मांडव आम्ही निवृत्त मंडळी लावून देतो. ओडिया येणारा माणूसही शोधून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार,
शिरोली, जि. कोल्हापूर