गाळ काढा, पण आधी ढिवरांना विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात मामा तलावांचा गाळ काढणार अशी बातमी वाचली, आनंद झाला आणि पोटात गोळापण आला. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं असे सहा हजाराच्या वर तलाव आहेत, त्यातले कितीतरी कोहळी लोकांनी बांधलेले, हाताशी इंजिनिअर नाही की नकाशा नाही, नुसता जमिनीचा उतार बघून पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठं घालायची नि जास्तीचं पाणी कुठून सोडायचं ते ठरवलं आणि त्या पाळी अजून उभ्या आहेत. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, मग पाळीवर बेशरमाची झुडपं माजली तरी उपटायला कोणी जाईना, कारण ते आता 'सरकारचं काम'.

आता गोळा का आला ते. आमच्या गावच्या तलावात मागं जेसीबी उतरला होता. गाळ काढायला माझा विरोध नाही, शेतात गाळ पडला की धान कसं जोरात येतं ते मीच पाहिलंय. पण त्यांनी काठापासून मधापर्यंत सगळं सारखं खोदलं, तलावाची टाकी करून टाकली! उथळ काठाला देवधान असायचं, पोवन असायचं, पाण्यात आपोआप उगवणाऱ्या वनस्पती, ते सगळं गाळासोबत ट्रॉलीत गेलं. आमच्या शेजारचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे, काका तेव्हाच ओरडत होते, अरे काठ सोडा, मासा अंडी कुठं घालंल? ठेकेदार म्हणे, काका तुम्ही जाळं सांभाळा. आता विकत आणून सोडलेलं रोहू-कतलाचं बीज वाढतं तेवढंच, मरळ सापडली तर नशीब.

तसं २००२ च्या कायद्यात गावोगावी जैवविविधता समिती आहे, नोंदवही आहे. आमच्या गावच्या वहीत माशांची नावं पाच-सात, काका बसल्या बसल्या वीस-पंचवीस सांगतात, कोणता कधी चढतो, कोणता कुठल्या गवतात लपतो सगळं. वही लिहिताना त्यांच्याकडं कोणी गेलंच नाही.

म्हणून एवढंच म्हणणं आहे, मशीन उतरवायच्या आधी गावच्या ढिवरांना घेऊन तलावाला एक चक्कर मारा, कुठला काठ सोडायचा तिथं त्यांच्या हातानं खुंट्या ठोकून घ्या नि ते वर्क ऑर्डरमधे लिहा. आणि हो, त्या दिवसाची मजुरीपण द्या त्यांना, सल्लागाराला देताच ना.

आपला,
एक वाचक, जि. गोंदिया