भावी शिक्षकांना आधी पोरांची बोली शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी भाची डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. तिची आंतरवासिता शहरातल्याच शाळेत झाली, घरापासून पायी दहा मिनिटांवर. पुढे नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडेही होऊ शकते. "पावरी बोलणारं एक तरी पोर समोर बसलं का गं?" असं तिकडच्या आदिवासी बोलीबद्दल विचारलं, तर म्हणाली, "नाही मावशी."

माझी पहिली नेमणूक १९८९ची, अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावर. नंदुरबार जिल्हा १९९८ला झाला, तेव्हा सगळं धुळ्यातच होतं. मी फळ्यावर 'आई' लिहायची आणि पहिलीची पोरं नुसती बघत बसायची. महाशिवरात्रीला पाडा याहामोगी देवीच्या जत्रेला निघाला, तेव्हा मला उमगलं की यांच्या घरी 'आई' म्हणत नाहीत, 'याहा' म्हणतात. एक मुलगी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नव्हती. वहीत मी तिच्यापुढे 'मंद' असा शेरा मारला होता. चैत्रात तीच मुलगी पहाटे मोहाची फुलं वेचून आणायची आणि कोणत्या झाडाखाली किती टोपल्या भरल्या ते बिनचूक सांगायची. तो शेरा आजही मला टोचतो. मी स्वतः अहिराणी बोलणाऱ्या घरातली. लहानपणी वर्गात "मनी माय वावरमा गयी" (माझी आई शेतात गेली) म्हटल्यावर सगळे हसले होते, तरी मी तिच्याशी तसंच वागले. दोन वर्षांच्या प्रशिक्षणात मला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

शिक्षणहक्क कायद्याचं (२००९) २९वं कलम सांगतं की जमेल तिथवर मुलाला त्याच्या मातृभाषेत शिकवावं. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले ६९ जण आदिवासी आहेत. मग खान्देशातल्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीने निदान एक महिना सातपुड्यातल्या पाड्यावरच्या शाळेत काढायलाच हवा. तिथल्या बायाबापड्यांना मानधन देऊन त्यांच्याकडून भिलोरी, पावरी शिकून घ्यावी. तडवी, बंजारा, उर्दू बोलणारी पोरं तर जळगावच्या वर्गांतही आहेत. ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत गेलेलं पोर चार-पाच महिन्यांनी परततं, त्याला कुठून शिकवायला घ्यायचं, याचा सरावही याच काळात व्हावा.

पाड्यावर बायकांना विचारून उतरवलेल्या शब्दांची माझी वही अजून जपून ठेवली आहे. भाचीला तिची झेरॉक्स दिली. कुठल्याही अध्यापक विद्यालयाने बोलावलं तर वही घेऊन येईन, प्रवासखर्च नको.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव