क्रूझच्या खालच्या मजल्यांबद्दल पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या सहलींवर पानभर आलं होतं, ते मी दोनदा वाचलं. स्विमिंग पूल, रात्रीचे शो, बुफे, बाल्कनीवाली केबिन, सगळं बरोबर आहे, मी स्वतः जानेवारीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करून आलेय. पण त्या अख्ख्या पानात जहाजावर राबणाऱ्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती, आणि त्यातली कितीतरी आपल्याच कोकणातली नि गोव्यातली आहेत, म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीत २२ वर्षं लग्नामुंजींचं केटरिंग केलं. पाचशे पानांचा अंदाज चुकला की काय होतं ते मला माहितीय, त्यामुळे मुलाने बुकिंग केलं तेव्हाच त्याला सांगितलं, मला तिथलं किचन बघायला मिळतं का ते आधी विचार. तर कळलं की बऱ्याच मोठ्या जहाजांवर वेगळे पैसे भरून अशी पडद्यामागची टूर असते, किचन, कोठार, लॉन्ड्री, कचऱ्याची खोली, इंजिन कंट्रोल रूम आणि शेवटी ब्रिज, म्हणजे कॅप्टन जहाज चालवतो ती खोली. आमच्या टूरला माणशी शंभर डॉलरच्या वर लागले, मुलाला जास्त वाटले, मला नाही. पंधरा-सोळा जणांचा ग्रुप, बंद बूट सक्तीचे, सिक्युरिटीवाला आधी मेटल डिटेक्टर फिरवतो आणि बऱ्याच ठिकाणी फोटो काढायला बंदी.

एक साधा दरवाजा उघडला आणि गालिचा संपला. पुढे लोखंडी जमीन, डोक्यावरून पाइप, आणि जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब पॅसेज, त्याला बऱ्याच जहाजांवर 'आय-९५' म्हणतात, अमेरिकेतल्या एका हायवेचं नाव आहे ते. ट्रॉल्या, पॅलेट, युनिफॉर्ममधली पोरं, सगळी रहदारी तिथूनच. मध्येमध्ये जाडजूड सरकते दरवाजे, पाणी शिरलं तर बंद करायचे, बंद होताना घंटा वाजते आणि तेव्हा मधून घुसायचं नाही हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण तो दरवाजा माणूस मध्ये आहे म्हणून थांबत नाही.

किचनला तिथे गॅली म्हणतात. गॅस नाहीच, सगळं विजेवर, समुद्रावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नाही. टेबलांना कडेने पट्टी लावलेली, जहाज हललं तरी भांडं घसरू नये म्हणून. कच्च्या मटणाला लाल बोर्ड, मासळीला निळा, भाजीला हिरवा, आणि प्रत्येक कुकच्या समोर त्या त्या डिशचा फोटो लावलेला, हजारावी प्लेटसुद्धा तशीच दिसली पाहिजे. कोठारात मासळीची खोली वेगळी, मटणाची वेगळी, भाजीची वेगळी, दुधाची वेगळी. जहाज बंदराला लागलं की सकाळी जुने पाहुणे उतरतात, दुपारपासून नवीन चढायला लागतात, आणि त्या मधल्या काही तासांत अख्ख्या ट्रिपचा माल आत घ्यायचा, काही विसरलं तर समुद्रात वाण्याचं दुकान नाही. कोठाराच्या माणसाला मी विचारलं अंदाज कसा काढता, तर म्हणाला कुठल्या देशाचे पाहुणे किती आहेत त्यावरून, भारतीय जास्त असले की दही आणि कांदा वाढवतो. मला खरंच हात जोडावेसे वाटले त्याला.

लॉन्ड्रीत उकाडा असा की दोन मिनिटांत घाम फुटतो. चादरी मशिनमधून इस्त्री होऊन घडी होऊन बाहेर येतात, तरी मशिनच्या तोंडाशी चादरीची टोकं पकडून सरळ लावायला दोन माणसं उभी असतातच, आठ-दहा तास तेच काम, रात्रपाळी पण असते. इंजिन कंट्रोल रूम म्हणजे नुसते स्क्रीन, प्रत्यक्ष इंजिनाजवळ नेत नाहीत. तिथे कळलं ते हे, की इंजिनांवर जनरेटर चालतात, त्या विजेवर जहाज पुढे ढकलणारे पाण्यातले पंखे फिरतात आणि वरचे दिवेसुद्धा लागतात, आणि इंजिनाची जी उष्णता वाया जायची तिच्यावर समुद्राचं पाणी तापवून गोडं पाणी करतात. आपण आंघोळीला घेतो ते बरंचसं असं तिथेच बनवलेलं पाणी.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती कचऱ्याची खोली. काच वेगळी, डबे दाबून त्यांचे गठ्ठे, प्लॅस्टिकचा एक तुकडाही समुद्रात टाकायचा नाही हा आंतरराष्ट्रीय नियम. उरलेलं अन्न बारीक दळून, २५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकं, आणि तेसुद्धा किनाऱ्यापासून कमीत कमी ३ सागरी मैल लांब गेल्यावरच सोडता येतं, काही समुद्रांत नियम याहून कडक आहेत. ते दळायच्या आधी हाताने निवडायला लागतं. तिथे जाड हातमोजे घातलेला एक पोरगा उभा होता, बिल्ल्यावर नाव आणि खाली इंडिया. मी मुलाशी मराठीत बोलले ते ऐकून म्हणाला, "काकी, खयच्या तुमी?" वेंगुर्ल्याचा निघाला. त्याच्याजवळ एक बादली होती, अर्धी भरलेली, काटे-चमचे, कापडी नॅपकिन, एक लहान मुलाचा चष्मा. "रोज इतके गावतत," म्हणाला. बाजूच्या पिंपात मात्र अख्ख्या पुऱ्या, न तोडलेले केक, हात न लावलेली बिर्याणी. वर बुफेत आपण ताट भरून घेतो आणि अर्धं सोडून उठतो ना, ते खाली याच्या हातात येतं. त्या रात्री मला पहिल्यासारखं ताट भरून घेता आलं नाही.

घर सोडून त्याला आठ महिने झाले होते. हॉटेल खात्यातल्या पोरांची कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांची, आठवड्याची सुट्टी नाही, झोपायला पाण्याच्या पातळीच्या आसपास दोघांत एक केबिन, खिडकी नाही, वर-खाली बंक आणि त्याला एक पडदा. शिवाय प्रत्येकाला इमर्जन्सीची ड्युटी असते, जो आपल्याला सूप वाढतो तोच वेळ आली तर आपल्याला लाइफबोटीत बसवणार असतो, त्याचं ड्रिल ठरलेलं.

आणि हे आजचं नाही. गोव्यातल्या तारवटींच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, पिढ्यान् पिढ्या मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या गावक्लबांमध्ये, मुक्काम करून बोटीची वाट बघत राहिल्यात. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज अडकलं, ३७०० च्या वर माणसं, सातशेच्या वर लोकांना कोरोना झाला, जहाजावर आपले १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ क्रू. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना दारापर्यंत जेवण पोचवत होता तो क्रूच.

आता माझं मुख्य म्हणणं. आमच्या शेजारणीच्या भाच्याला, रत्नागिरीचा आहे, क्रूझवर लावतो म्हणून बेलापूरच्या एका एजंटने अडीच लाख घेतले. तीन महिने 'जॉइनिंग येतंय' चाललं, मग ऑफिसला कुलूप. घरच्यांनी सोनं गहाण ठेवलं होतं. त्या मुलाला कुणीच सांगितलं नव्हतं की २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि मेडिकल यांचा खर्च तेवढा त्याचा. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केलाय. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल हे खलाशी भरतीचं लायसन्स लागतं आणि लायसन्स असलेल्यांची यादी त्यांच्या वेबसाइटवर कुणीही बघू शकतं. रोज किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती हा पण त्याच करारातला हक्क आहे. क्रूझच्या जाहिरातीशेजारी एवढं एका चौकटीत छापलं असतं तरी एखाद्या घरातलं सोनं वाचलं असतं.

दुसरं असं की बॅलार्ड पियरवरून आता मुंबईतूनच गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ सुटतात. ही टूर तिथे जहाज धक्क्याला असताना आपल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या आणि आयटीआयच्या मुलांना फुकट किंवा नाममात्र पैशांत दाखवता येणार नाही का? कर्ज काढून कोर्स करण्याआधी पोराने ती लॉन्ड्री आणि ती कचऱ्याची खोली एकदा बघावी, तो बिनखिडकीचा बंक बघावा, आणि मग जायचं असेल तर खुशाल जावं. काम चांगलंच आहे, त्या वेंगुर्ल्याच्या पोराने बहिणीचं लग्न केलंय त्याच पगारातून आणि घरावर स्लॅब टाकलाय.

तुम्ही पुढच्या पुरवणीत या मुलांवर लिहिणार असाल तर मला जरूर कळवा. तो वेंगुर्ल्याचा पोरगा लवकरच साइन ऑफ होऊन, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून, गावी येतोय, मी त्याला विचारलंय, बोलायला तयार आहे.

आपली वाचक,
डोंबिवली (पूर्व)