आठ गिटारी, चार अ‍ॅम्प आणि नांदेडचं एक लेकरू

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून माझ्या वयाची माणसं खोकी घेऊन तुझ्या गिटार-अ‍ॅम्प दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतील आणि तू मला शिव्या घालशील. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. आमच्या वेळचे ऑर्केस्ट्रावाले आता सत्तरीच्या अल्याडपल्याड आहेत आणि प्रत्येकाच्या माळ्यावर, पलंगाखाली काही ना काही धूळ खात पडलंय. त्यांनीही हे वाचावं.

परभणीचं घर विकून संभाजीनगरला लेकीजवळ दोन खोल्यांत जायचं ठरलं आणि आठ गिटारी, चार अ‍ॅम्प यांचं काय करायचं यावर घरात रोज जेवताना वाद सुरू झाला. थोरला म्हणायचा, भंगारवाल्याला बोलवा. माझा जुना बँजोवाला दोस्त म्हणायचा, "येडा आहेस का, लाखानं जातील, सोडू नको." एका दुकानदारानं नुसते फोटो बघून सगळ्याचा मिळून जो भाव सांगितला, त्यातून टेम्पोचं भाडं जाऊन चहापुरतेच उरले असते.

तू आलास आणि भावाचा विषयच काढला नाहीस. मला स्टुलावर बसवलंस, एकेक गिटार पुसून हातात देत गेलास, "काका, वाजवा." मला वाटलं, गडी गिटारी तपासतोय. तू माझा डावा हात बघत होतास. एफ कॉर्डचा बार, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबून धरताना, पहिलं बोट तारांवर सपाट बसत नाही, करंगळी आपोआप वर उचलली जाते, हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. तूही तेव्हा काही बोलला नाहीस. पुढची गिटार दिलीस.

मग अ‍ॅम्पकडे वळलास. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या बाटल्यांचा, सागवानी पेटीचा अ‍ॅम्प आमच्याच एका रेडिओ मेकॅनिकनं बांधलेला. तो देवाघरी जाऊन जमाना झाला. मी सरळ प्लग खोचायला निघालो तसा तू ओरडलास. बरं झालं ओरडलास. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या अ‍ॅम्पचे कंडेन्सर आतून सुकतात, एकदम पूर्ण करंट दिला तर फुटतात, ट्रान्सफॉर्मरही जातो. तू पिशवीतून तुझा सिरीज बोर्ड काढलास, 100 वॅटचा साधा बल्ब लावलेला, आणि अ‍ॅम्पची वायर त्यात घातलीस. बल्ब भक्कन पेटला. दोघंही बघत राहिलो. हळूहळू तो मंद झाला आणि तू हसलास, "शॉर्ट नाही काका." तसाच पेटलेला राहिला असता तर आत घोटाळा होता. मागं जाळीआडून ईएल चौतीस व्हॉल्व्हच्या दोन्ही बाटल्या तांबूस झाल्या, हम आला, आवाज कमीजास्त करायचे पॉट खरखरले आणि मग आवाज. एके काळी गणपतीत जनरेटरवर व्होल्टेज पडलं की हाच आवाज घोगरा व्हायचा आणि आम्ही जनरेटरवाल्याच्या नावानं बोंब मारायचो.

प्लग काढल्यावरही आत 400 व्होल्टच्या आसपास दबा धरून बसलेले असतात, म्हणून रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे केलेस आणि ते करताना एक हात खिशात ठेवलास. असं शिकवणारं कुणी आमच्या वेळी भेटलं नाही. आम्ही झटके खाऊनच शिकलो. तो अ‍ॅम्प तुझ्याच दुकानात राहिला, आयटीआयच्या पोरांना उघडून दाखवायला, हे मला फार बरं वाटलं. आता कोण व्हॉल्व्ह बघतंय! गिटारवाली पोरं अ‍ॅम्पऐवजी इफेक्ट प्रोसेसरची छोटी पेटी थेट मिक्सरला जोडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पाठ शाबूत राहते.

माझी पाठ घालवली ती रोलँडच्या जेसी 120 नं. 1975 पासून निघणारा हा अ‍ॅम्प, बारा इंची दोन स्पीकर, 28 किलो. जिन्यावरून तो तू एकट्यानं उतरवलास, आणि हिंगोलीच्या भीमगीतांच्या पार्टीला देताना कोणता स्पीकर फडफडतो ते आधी सांगून मग पैसे घेतलेस. 14 एप्रिलला तो स्टेजवर असेल. काळी गिटार जालन्याच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या पोरीला गेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यानं तिचा शिसवी फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर आली होती, हात ओरबाडायची. तू एकेक टोक कानशीनं घासून वर बोट फिरवून बघत होतास. पोरीला सांगितलंस, मे महिन्यात केसमध्ये ओला स्पंज डबीत घालून ठेव. बाकीच्या कुठं गेल्या ते मी लिहीत बसत नाही, पैसे वेळच्या वेळी पोचले.

खरे आभार मात्र आठव्या गिटारीचे. ती मी विकायला काढली होती आणि तू ती बाजूला ठेवलीस. लेथवाल्याकडून पितळेचा उंच नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, करून आणलास, जुन्या नटावर बसवलास, तारा वर उचलल्या गेल्या. चार तारा सैल करून सूर खाली आणलास आणि ओपन डी लावलास, म्हणजे काही न दाबता छेडलं तरी डीचा कॉर्ड वाजतो, पाचवी आणि चौथी होत्या तशाच. गिटार मांडीवर आडवी ठेवलीस आणि घासून गुळगुळीत केलेला लोखंडी रॉड माझ्या डाव्या हातात दिलास. "आता दाबायचं काही नाही काका, नुसतं सरकवायचं." आमच्या तरुणपणी व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या हवाईयन गिटारच्या धुना रेडिओवर ऐकल्या होत्या, पण आम्ही रिदमवाले तिकडं कधी फिरकलो नाही. आता रोज सकाळी बसतो. सूर अजून इकडंतिकडं घसरतो, नातू कानावर हात ठेवतो. पण बोटं दुखत नाहीत.

मजुरी विचारली तर तू "बघू" म्हणालास. बघू नको, आकडा सांग. तुझा सिरीज बोर्ड आमच्या सामानात चुकून संभाजीनगरला आलाय. घ्यायला येशील तेव्हा पहिल्या तारा दोन-चार जास्त आण, आणि जेवायलाच ये. लेक म्हणते, रविवार बरा.

तुझा,
परभणीचा रिदमवाला काका