रेडिओचा आवाज

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० ऑगस्ट

प्रिय रम्या,

परवा फोनवर तू हसलास, त्याचा राग नाही. "तालमीत पोरांना बायकांचं काय शिकवतोस म्हणे? आता लंगोट नेसून रांगोळ्या काढायला लावणार काय?" असं तू विचारलंस, तेव्हा मलाही हसू आलं. मग वहिनींनी तुझ्या हातातला फोन घेतला आणि "भाऊजी, करा तुम्ही," एवढंच म्हणून परत दिला. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. शिवाय बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल मी तालमीतल्या पोरांशी का बोलायला लागलो, याचं खरं कारण फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. कारखान्यात आज लाईट नाही, लेथ बंद आहे, सगळी दुपार माझी आहे.

वाड्यातल्या माडीवरच्या मावशी आठवतात? मागच्या जूनमध्ये महाद्वार रोडला भेटल्या. मी त्यांना ओळखलंच नाही, त्यांनीच हाक मारली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली म्हणे. कपाळाला टिकली होती, हातात हिरव्या बांगड्या होत्या. माझी नजर तिकडं गेलेली त्यांनी बरोबर पकडली. "हेरवाडवाल्यांनी ठराव केला, तवापास्नं मीबी घालाय लागले. मला कुणाचा ठराव नको होता, पर बरं वाटलं."

तुला तिकडं बातमी कळली असेल-नसेल म्हणून सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे सगळं बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं.

चहा घेऊ म्हणून आम्ही बसलो. जुन्या गोष्टी निघाल्या, वाड्याचा नळ, तुझी सायकल, माझा दहावीचा निकाल. मग बशीत चहा ओतता ओतता त्या अगदी सहज म्हणाल्या, "तुमचा रेडिओ मोठा झाला, की मला कळायचं. पोरांनी ऐकलंय."

रम्या, माझा घोट तिथंच अडकला.

तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. १९८८ ची परीक्षा, तू अभ्यासाला आमच्याकडंच झोपायचास. वर भांडं आपटायचं, मग तो दबका आवाज. माझे वडील भिंतीकडं तोंड करून कूस बदलायचे. आणि आपल्यापैकी कुणीतरी सांगली केंद्राचा कान पिळायचा. तू की मी, यावर भांडायचं असेल तर भांडू, पण आवाज मोठा व्हायचा हे खरं. आपण समजत होतो, खाली ऐकू येतंय असं तिला वाटू नये म्हणून करतोय. ती वर पडल्या पडल्या त्यावरून मोजत होती, की खाली सगळे जागे आहेत आणि कुणी येणार नाही.

आणि एक सांगू? तो माणूस, मावशींचा नवरा, आपल्याला आवडायचा. आपल्याबरोबर कॅरम खेळायचा, खासबागला भेळ खाऊ घालायचा, जत्रेच्या कुस्त्यांना डबलसीट न्यायचा. बाहेर लाखात एक. म्हणून तर आजवर आपण दोघांनी हा विषय एकमेकांत कधी काढला नाही.

तर तालमीतल्या या गप्पा तिथून सुरू झाल्या. माझा धाकटा वर्षभर हौद्यात, कुस्तीच्या मातीत, उतरतोय. एका संध्याकाळी त्याला आणायला गेलो, तर पडलेल्या पोराला दुसरा म्हणतोय, "बांगड्या भर जा!" शब्द जुनाच. आपणही हजारदा वापरलाय. पण मावशींच्या हातातल्या बांगड्या डोळ्यांसमोर ताज्या होत्या. वस्तादांना म्हटलं, आठवड्यातनं एक दिवस जोर-बैठका झाल्यावर पोरं अर्धा तास मला द्या. ते म्हणाले, "व्याख्यान देणार असशील तर नको. गप्पा मारणार असशील तर बस."

वस्तादांचं तेवढं वाक्य सोन्यासारखं ठरलं. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात या विषयावर कार्यक्रम होता, तिथं मी गेलो होतो. पुढच्या रांगेत मुली, मागं पोरं मोबाईलमध्ये, व्यासपीठावर हार-तुरे. शपथ झाली, फोटो झाला. त्या पोरांशी त्यांच्याच एखाद्या दादानं, काकानं बोलायला हवं होतं. आणि मी काही नवीन करत नाही. मुंबईत हरीश सदानी आणि त्यांची 'मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज' ही संस्था १९९३ पासून पुरुषांशीच या विषयावर बोलतेय. तिचं लघुरूप 'मावा' असं सांगितलं, तर पोरं खो खो हसली. आपल्याकडं मावा म्हणजे पानटपरीवरचा! चला, नाव तरी विसरणार नाहीत.

पहिल्याच दिवशी विचारलं, पैलवानानं कुणावर हात टाकायचा नाही? सगळे एका सुरात, "दुबळ्यावर!" मग घरात? गप्प. ते गप्प बसणं मला फार ओळखीचं वाटलं. शेवटी एक जण म्हणाला, "काका, घरात म्हणजे ते घरातलं." बघ, नियम तालमीत आहेच, तो फक्त उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो तसा काढून ठेवलाय.

बांगड्यांचंही निघालं. वडणग्याकडचं एक पोर, एरवी तोंड उघडत नाही. ते म्हणालं, "माझी आई बांगड्या घालूनच चार म्हशींची धार काढती. तुमच्यातला कोण दोन काढून दाखवा." त्यानंतर तालमीत ती शिवी बंद झाली असं मी म्हणणार नाही. कमी झाली. दुसऱ्या झाल्यात.

खासबागचं कुस्ती मैदान कुणी बांधलं हे प्रत्येकाला पाठ. पण त्याच शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, हे एकालाही माहीत नव्हतं. खरं तर मलाही पन्नाशीत कळलं. देशाच्या कायद्यात नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ यायला १९८३ उजाडलं, आणि घरातल्या हिंसेचा वेगळा कायदा २००५ चा.

सगळ्यात अवघड काय जातंय सांगू? मारणारी पोरं नाहीत, रक्षण करणारी. परवा राखीच्या आठवड्यात विषय काढला, तर सगळ्यांच्या मनगटावर चार-चार राख्या आणि तोंडात एकच भाषा, "आमच्या बहिणीकडं कुणी बघितलं तर तंगडी मोडू." छाती फुगवून. म्हटलं, बहिणीचा मोबाईल कोण तपासतं? निम्मे हात वर. अभिमानानं! तिला क्लासला एकटी जाऊ देतोस का? "काका, जमाना वाईट आहे." एकानं सांगितलं, ताईनं कुणाशी चॅटिंग केलं म्हणून दोन कानाखाली दिल्या, "तिच्याच भल्यासाठी". माडीवरचा तो माणूसही हेच म्हणायचा की नाही? या पोरांशी भांडून चालत नाही, कारण त्यांना वाटतं ते चांगल्याच बाजूला आहेत. मी नुसतं विचारत राहतो, तिला विचारलंस का? दोघा-तिघांनी विचारलं. एकाची बहीण आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही म्हणे, मग बोलली ते तासभर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चौघींत एकीनं नवऱ्याचा हात सोसल्याचं निघालं. आपल्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. एक मला माहीत आहे. दुसरं कुठलं, याचा हिशोब मी रात्री करत बसतो, आणि दर वेळी आमच्याच दारापाशी येऊन थांबतो. वडिलांनी हात उचललेला मी पाहिला नाही. पण आई स्वयंपाकघरात गप्प का बसायची, हेही कधी विचारलं नाही. मी स्वतः लग्नानंतर एकदा ताट भिरकावलंय. पोरांना ते सांगितलं. घरी येऊन बायकोला सांगितलं की सांगितलं, तर म्हणाली, "एकदा नाही, दोनदा."

पोरांना एक गोष्ट मात्र नीट पाठ करून घेतली. २००५ च्या कायद्यात बाईनंच तक्रार करायला हवी असं नाही. शेजाऱ्याला कळलं तर तोही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कसली जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. एवढं धाडस नसेल तर दार वाजवायचं. २००८ च्या सुमारास टीव्हीवर 'बेल बजाओ' म्हणून जाहिराती लागायच्या, आठवतात? आतनं आवाज येतोय, शेजारी नुसता जाऊन बेल दाबतो, काहीतरी फुटकळ कारण सांगतो. पोरांना ते लगेच पटलं. काय मागायचं याच्या याद्याच झाल्या. विरजण, पाना, चार्जर. एक म्हणाला, "मी लिंबू मागीन, हौद्यात टाकायला."

आपल्याला दहावीत कुणी सांगितलं असतं तर गेलो असतो का रे? मी गेलो नसतो. तू कदाचित.

मावशी आता मुलीकडं राजारामपुरीत असतात. येताना पत्ता घेतलाय. एकदा घराखालपर्यंत जाऊन आलो, जिना चढवला नाही. दसऱ्याला तू येतोयस ना? दुपारी जाऊ, दोघं. त्यांनी तुझंही विचारलं होतं. "तो सायकलवाला कुठं असतो?" म्हणून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू